झिपळ्याचा शब्दार्थ

मला गप्प बसता येत नाही. लहानपणी याबद्दल मार मिळायचा, शिक्षक झाल्यापासून पगार मिळतो. सवय मात्र तीच, आणि तिच्यापायी होणारे घोटाळेही तेच.

सप्टेंबरात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद भरली होती. म्हणजे आसपासच्या शाळांचे सर आणि मॅडम महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात, त्यातला एक जण नमुना पाठ घेतो आणि बाकीचे चहाची वाट पाहतात. त्या दिवशी एक तरुण सर कविता शिकवत होते. मी मागच्या रांगेत, शेजारच्या सरांच्या कानात. म्हणालो, "कविता शिकवाले काय लागते? चाल लावली, टाळ्या वाजवल्या, झालं." कानात म्हणालो खरा, पण माझं कुजबुजणं व्हरांड्यात उभ्या माणसालाही ऐकू जातं. केंद्रप्रमुख तर पुढच्याच रांगेत होते. ते सावकाश वळले.

"असं का? मंग पुढची परिषद तुमच्या शाळेत. पाठ तुमचा. कविता मी देतो."

आणि त्यांनी बॅगेतून एक झेरॉक्स काढून माझ्या हातात ठेवली. पूरक वाचनाचं पान होतं. चांदोबाच्या, फुला-पाखरांच्या कवितेची अपेक्षा धरलेला मी, वाचून गार पडलो.

एक होता गुंबडगोळा,
त्याला सुटला धडंगकोळा;
छपरावरती चढला तो,
धुमळी घेऊन उडला तो.

वाटेत भेटली चिंगूळबाई,
"घोरंगीची का हो घाई?"
"लोटक्याखालून पळालं हो,
झिपळं माझं गळालं हो!"

पालथी घातली भुई नि भुई,
झिपळं होतं त्याच्याच डोई!

बस. खाली शब्दार्थ नाहीत, स्वाध्याय नाही, रिकाम्या जागा भरा नाही. मी पान उलटून पाहिलं. पाठ कोरी होती. ज्या कवितेखाली प्रश्न नसतात ती कविता मला चप्पल हरवलेल्या पाहुण्यासारखी वाटते. तिला घरी कसं पोचवायचं ते कळत नाही.

आमची शाळा केळापूर तालुक्यातली, हायवे सोडून आत गेलं की लागणारी. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली आणि चौथी मुख्याध्यापक मॅडमकडे, दुसरी आणि तिसरी माझ्याकडे. निम्मी मुलं गावातली, कापूस-तूर-सोयाबीनवाल्या घरांची. दोन-तीन मुसलमान घरांतली. आणि उरलेली सागाच्या जंगलाला लागून असलेल्या पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ही मुलं घरी कोलामी बोलतात. त्यांना माझी मराठी आणि मला त्यांची कोलामी, दोन्ही सारख्याच अवघड. फरक एवढाच, की परीक्षा त्यांची होते.

त्या पोडावरचीच आमची स्वयंपाकाची मावशी. ती मुलांची खिचडी शिजवते, हापशीवरून डोक्यावर पाणी आणते, आणि माझ्या बडबडीकडे चुलीतल्या धुराइतकंच लक्ष देते. तिची मुलगी दुसरीत. वहीत अक्षरं अशी काढायची की मी ती मॅडमना नेऊन दाखवायचो. पण बोलायची नाही. शाळेत नाव घातल्यापासून एक शब्द नाही. आणि बसायची कुठे, तर वर्गाच्या उंबरठ्यावर. एक पाय वर्गात, एक व्हरांड्यात. आत ये म्हटलं की उठून स्वयंपाकखोलीत जायची. मी सगळे उपाय केले होते. गोष्टी, कोडी, चॉकलेट. एकदा तर मांजराचा आवाज काढला. तिनं माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं की मलाच पाणी प्यावंसं वाटलं.

झेरॉक्स मिळाली त्याच आठवड्यात मावशी खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता म्हणाली, "सर, हिले मी दिवाळीनंतर मामाकडं ठेवून राह्यली. तिच्या मामीले लेकरू झालं. थे सांभाळन."

"अन् शाळा?"

"शाळंत काय करते थे? दारात बसते. दारात तं तिथंबी बसन."

मी लांबलचक बोललो. शिक्षणाचा हक्क, मुलीचं भविष्य, वगैरे. मावशीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "बोलली का थे आजपावतो? दिवाळीपावतो पाहतो. बोलली तं ठेवतो, नाही तं जाऊ द्या."

दिवाळी पाच आठवड्यांवर होती. माझी नमुना पाठाची तारीखही सुटी लागण्याच्या आदल्या दिवशीची. तेव्हापासून माझा जो जीव थाऱ्यावर नव्हता तो नव्हता. वर्गात मी खडूचे तुकडे करत बसायचो. पांढरकवड्याच्या माझ्या खोलीवर हायवेचे ट्रक ऐकू यायचे आणि मी इकडून तिकडे फेऱ्या मारायचो. कवितेचं करायचं काय? पाठ टाचणात एक रकाना असतो, अध्ययन निष्पत्ती. म्हणजे हा पाठ शिकल्यावर मुलाला काय येईल. तिथे काय लिहू? 'विद्यार्थ्याला धुमळी घेऊन उडता येईल'?

शेवटी एका मंगळवारी, काहीच तयारी झालेली नसल्यामुळे, मी कविता नुसती म्हटली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. हातवारे केले, छपरावर चढायच्या जागी खुर्चीवर चढलो. खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे विसरलो होतो, त्यामुळे उडलो मात्र खरा.

मुलं हसून लोळायला लागली. आणि मग सुरू झालं.

"सर, धडंगकोळा म्हंजे बैलाच्या पोटात वारा धरते ना, थे!"

"नाही जी, धडंगकोळा म्हंजे उचकी."

"धुमळी म्हंजे फवारणीचा पंप," एक जण म्हणाला. "पाठीवर घ्याचा, सुरू केला का माणूस उडते. आमच्या बाबाचा नवा हाये, थो जोरदार हाये."

फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे, तिथल्या चाचांची मुलगी तिसरीत आहे. ती उभी राहिली. "सर, ये गुंबडगोळा आमच्या दुकानावर आलता. त्याच्या ट्रकची हवा गेलती."

"अन् चिंगूळबाई कोण?"

"आमची मॅडम!" पाच-सहा आवाज एकदम. शेजारच्या खोलीतून डस्टर आपटल्याचा आवाज आला.

मी शेवटची ओळ पुन्हा म्हटली, झिपळं होतं त्याच्याच डोई, आणि तेव्हा उंबरठ्यावरून हसू आलं. तोंडावर हात दाबूनही बाहेर फुटलेलं हसू. आणि त्यामागून, स्वच्छ, एक शब्द.

"झिपळं!"

मावशी हातातल्या डावानिशी स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभी. मुलगी आमच्याकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहून हसत होती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कविता म्हटली असती. मला नंतर उमगलं, की जूनपासून त्या पोरीसाठी माझी प्रत्येक कविता अशीच तर होती: निम्मे शब्द कळत नाहीत, तरी सगळ्यांनी मान डोलवायची. पहिल्यांदा एक अशी कविता आली होती जी कुणालाच कळत नव्हती. पाटलाच्या नातवालाही नाही, सरांनाही नाही. त्या दिवशी वर्गात ती एकटी अडाणी नव्हती. आम्ही सगळेच होतो, आणि आम्हाला मजा येत होती.

पण मी शहाणा नाही. मला आनंद झाला, आणि आनंद झाला की मी कामाला लागतो. खोलीवर गेलो, दोन कप चहा प्यायलो आणि शब्दार्थ तयार केले. हो. जे शब्द कुणीतरी गंमत म्हणून जुळवले होते त्यांचे अर्थ मी, पदविका घेतलेल्या माणसानं, स्वतःच्या मनानं बसवले. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर रंगीत खडूनं लिहिले:

गुंबडगोळा = लठ्ठ माणूस
धडंगकोळा = राग
धुमळी = छत्री
घोरंगी = प्रवास
झिपळं = कोंबडीचं पिल्लू

"उतरवून घ्या. दोन दोन वेळा."

"सर, धुमळी पंप नाही?" बाबाचा नवा पंपवाला.

"नाही. छत्री."

"छत्रीनं कसा उडते जी माणूस?"

"उतरव."

वर्ग उतरवायला लागला. पेन्सिलींचा आवाज सोडला तर शांतता. इतकी शिस्त माझ्या वर्गात कधी नव्हती, आणि मी मूर्ख, खूश झालो. तेवढ्यात ती उठली. उंबरठ्यावरून आत आली. पहिल्यांदा, आपल्या पायांनी, वर्गाच्या मधून चालत माझ्या टेबलापाशी. तिच्या हातात तिच्या आईची चुंबळ होती. हंडा डोक्यावर घेताना खाली ठेवतात ती फडक्याची वळी, पाण्यानं ओली. तिनं ती माझ्या टेबलावर, पाठ टाचणावर ठेवली, आणि चुंबळीकडे बोट करून म्हणाली, "झिपळं."

मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "नाही बेटा, चूक. झिपळं म्हणजे कोंबडीचं पिल्लू. ते फळ्यावर बघ." आणि हसलो. प्रेमानं हसलो, अगदी शपथेवर. पण सर हसले की वर्ग हसतो. सगळे हसले. पाठ टाचण ओलं होत होतं म्हणून मी चुंबळ दोन बोटांनी उचलून तिला परत दिली.

ती चुंबळ घेऊन गेली. मधल्या सुटीत उंबरठ्यावर नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकखोलीतही नव्हती.

"कुठं आहे?" मी मावशीला विचारलं.

"नाही येत म्हणते. सर हासले म्हणते." मावशी तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "बोलली तं तुम्ही हासले. आता काहून बोलन थे?"

मी तिथून निघालो, वर्गात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मॅडम खिडकीतून पाहत होत्या. "सर, एक तं आत बसा, नाही तं बाहेर. माझी चौथी तुमच्या येरझाऱ्या मोजून राह्यली. गुणाकाराचा तास हाये."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी सकाळच्या शाळेत चाचांच्या मुलीनं हात वर केला. "सर, एक पूछू? पिल्लू डोक्यावर बसलं तं मालूम नाही पडन का? नख्या रुततात ना जी. आमच्या घरी कोंबड्या हायेत. मी ठेवून पाह्यलं."

"काय ठेवून पाहिलं?"

"पिल्लू. डोक्यावर. लगेच समजते. शीबी केली त्यानं."

वर्ग हसला, मी नाही. मी खुर्चीत बसलो, त्या आखूड पायाच्या, आणि कविता पहिल्यांदा वाचली. अशी वाचली जशी एका सात वर्षांच्या मुलीनं एकदा ऐकून वाचली होती. लोटक्याखालून पळालं. लोटक्याखाली काय असतं? मडक्याखाली, हंड्याखाली, डोक्यावर? आणि अशी कुठली वस्तू आहे, जी हंडा उतरवल्यावर डोक्यावरच राहते आणि माणूस ती शोधत फिरतो? मी रोज पाहत होतो. मावशी हंडा ठेवते आणि तासभर चुंबळ डोक्यावर घेऊनच खिचडी ढवळते. मीच तिला कितीदा म्हणालो असेन, मावशी, डोक्यावरचं काढा. वर्गात ज्या एका व्यक्तीनं कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून घेतली होती, तिला मी चूक म्हणालो होतो आणि वर फळा दाखवला होता.

दिवाळीला बारा दिवस राहिले होते.

रविवारी मोटारसायकल काढली आणि पोडावर गेलो. वाटेत तीनदा ठरवलं की परत फिरावं. गेलो तेव्हा मावशी अंगण सारवत होती आणि मुलगी कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. मला पाहिलं आणि आत गेली. मी वर्षभरात शिकलेली तीन-चार कोलामी वाक्यं जुळवून माफी मागितली. मावशी थांबली, शेणाचा हात कमरेवर ठेवला. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा मला काहीतरी बोलला आणि हसत सुटला.

"काय म्हणतात?"

"तुम्ही म्हटलं का तुमची गाय वारली. थो म्हणते, वाईट झालं."

मग मी मराठीत आलो. मराठीत येऊनही थांबलो नाही. दोरीवरचं एक फडकं ओढलं, त्याची वळी केली, डोक्यावर ठेवली आणि गुंबडगोळा झालो. "माझं झिपळं कुठं गेलं?" म्हणत खाटेखाली पाहिलं, कोंबड्यांच्या डालग्यात पाहिलं, म्हाताऱ्याच्या चपलेत पाहिलं. दहा-बारा पोरं जमली. बाया आल्या. पोडावरची दोन कुत्री माझ्या मागे लागली, त्यामुळे शोधाला वेग आला. सगळं पोड हसत होतं. मी पुन्हा पुन्हा कुडाच्या दाराकडे पाहत होतो. ती फटीतून पाहत होती हे मला कळत होतं. तिनं नुसतं पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

मी डोक्यावरचं फडकं काढलं. मावशीनं ते माझ्या हातातून घेतलं, झटकलं आणि परत दोरीवर टाकलं. "सर, तुम्ही लय धावता," ती म्हणाली. "पोरगी घाबरते. जा आता, ऊन चढलं."

सोमवारी मी नवीन उत्साहानं नवीन चूक केली. वर्गाला म्हणालो, "ते शब्दार्थ खोडा."

"काहून जी?"

"ते चुकीचे आहेत. मी मनानं लिहिले होते."

सर मनानं लिहितात? पंपवाला वही छातीशी धरून बसला. "पण वहीत हायेत ना जी." त्याच्या दृष्टीनं वाद संपला होता. जे वहीत आहे ते खरं. कुणी खोडेना. संध्याकाळी त्याचा बाप मोटारसायकलवर आला. "सर, एक दिवस एक सांगता, एक दिवस दुसरं. परीक्षेत पोट्टं काय लिहिन? धुमळी छत्री का पंप, एकदा पक्कं सांगा."

मी म्हणालो, "दोन्ही नाही."

"मंग काय?"

"काहीच नाही."

तो मोटारसायकलवरून उतरला. मग मॅडमकडे गेला आणि हळू आवाजात विचारलं, सरांची तब्येत बरी हाये ना. मॅडम म्हणाल्या, "परिषदेपावतो अशीच राहीन."

परिषद आली. बावीस सर-मॅडम, केंद्रप्रमुख, मागच्या भिंतीला खुर्च्या. स्वयंपाकखोलीत मावशी पाहुण्यांच्या पोळ्या करत होती. घरी कुणी नव्हतं म्हणून मुलीला घेऊन आली होती. मुलगी आली होती, पण दारावर नाही. स्वयंपाकखोलीच्या ओट्याजवळ, भिंतीकडे तोंड करून. मी तीन वेळा पाणी प्यायच्या निमित्तानं पाहून आलो. मावशी म्हणाली, "सर, घागर सरन."

पाठ सुरू झाला. कविता म्हटली, मुलांनी म्हटली. सगळं बरं चाललं होतं, म्हणजे माझ्याकडून होतं तितकं बरं. मग केंद्रप्रमुख उभे राहिले. "छान. आता मला सांगा मुलांनो, झिपळं म्हणजे काय?"

आणि माझा वर्ग, ज्याला कधीही एका सुरात प्रार्थना म्हणता आली नाही, तो वर्ग एका सुरात ओरडला: "कोंबडीचं पिल्लू!"

"अन् धुमळी?"

"छत्री!"

केंद्रप्रमुख खूश. त्यांनी डायरी काढली. मला दिसत होतं, ते लिहीत होते: शब्दसंपत्तीत वाढ. मागून एक सर म्हणाले, "वा, आम्हाले तं अर्थच लागत नव्हता. हे शब्दार्थ झेरॉक्स करून द्या ना सर, आमच्या शाळेत घेतो."

आणखी अठरा शाळांत कोंबडीचं पिल्लू. गप्प बसायला जगात यापेक्षा सोपी वेळ नव्हती. माझी स्तुती चालू होती, चहा येतच होता. आणि मी, ज्याला गप्प बसता येत नाही, तो गप्प बसायचा मोह झालेला मी, खडू तोंडात घालून उभा. खरंच तोंडात. अर्धा चावलाही.

मग बोललो. "साहेब, ते खोटं आहे. या शब्दांना अर्थ नाहीत. मी घाबरून बसवले. मुलांनी आधी यापेक्षा चांगलं सांगितलं होतं, आणि एका मुलीनं तर पुरी कविता समजून मला आणून दाखवली. मी तिला चूक म्हणालो. ती बरोबर होती."

कुणीतरी हसलं. मॅडम फळ्याकडे पाहत होत्या. केंद्रप्रमुखांचं पेन वरच थांबलं. "मग बरोबर अर्थ काय?"

"मला माहीत नाही. तिला विचारा."

आणि तिथे मी पुन्हा चुकलो. बावीस माना एकदम स्वयंपाकखोलीकडे वळल्या. उघड्या दारातून ती दिसत होती. ती ताडकन उठली आणि चुलीमागे गेली. एक ताट पडलं, फिरत फिरत थांबलं. पुन्हा तेच. पुन्हा मी धावलो आणि पुन्हा दार लागलं. माझा पाय उचललाच होता. जाऊन तिची समजूत काढावी, मावशीची काढावी, सगळ्यांना सगळं समजावून सांगावं. मॅडमनी माझा शर्ट मागून धरला. "बसा," त्या म्हणाल्या. "एकदा तरी."

बसलो. घड्याळ नव्हतं पण मला सेकंद ऐकू येत होते. दोन्ही गुडघे हलत होते, ते मी हातांनी दाबून धरले. शेवटी मुलांनाच कंटाळा आला. चाचांच्या मुलीनं हळूच सुरुवात केली, एक होता गुंबडगोळा. दुसऱ्यांनी उचललं. मी नाही. मी खाली पाहत होतो. ते छपरावर चढले, उडले, चिंगूळबाईला भेटले. पालथी घातली भुई नि भुई, झिपळं होतं...

"त्याच्याच डोई," व्हरांड्यातून आवाज आला.

ती दारात होती. डोक्यावर चुंबळ. चुंबळीवर काही नाही.

केंद्रप्रमुख कधी नव्हे ते हळू बोलले. "हे झिपळं आहे का, बाळा?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग डोक्यावर हात नेऊन चुंबळ चाचपली. "नाही."

"मग?"

"हे चुंबळ हाय." मोठ्या माणसाला एवढंही कळत नाही, अशा सुरात. कुणीतरी हसणार होतं, पण मॅडमनी वळून पाहिलं. "झिपळं हे नाही. झिपळं असं राह्यते." दोन्ही हातांनी तिनं हवेत काहीतरी गोल केलं, चुंबळीहून मोठं, मग त्याला एक शेपूट काढलं, मग विचार केला आणि शेपूट पुसलं. "थे डोक्यावर राह्यलं का समजत नाही. हलकं राह्यते."

"मले दिसलं!" पंपवाला ओरडला.

"तुले नाही दिसत," ती म्हणाली. "कोणालेच नाही दिसत."

मग वर्गात जो गोंधळ झाला त्यात पाठाची वेळ संपली, मूल्यमापन राहिलं आणि केंद्रप्रमुखांनी डायरीतली ओळ खोडली. खोडून वर काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही. चहाच्या वेळी फक्त एवढं म्हणाले, "अध्ययन निष्पत्ती काय लिहिली तुम्ही?"

"रकाना कोरा आहे साहेब."

"भरून पाठवा," ते म्हणाले आणि गेले. मी अजून पाठवलेलं नाही.

पाहुण्यांच्या पंगती उठल्या. मी ओट्याजवळ गेलो. मावशी शेवटच्या पोळ्या लाटत होती. मुलगी बाहेर मुलांत होती, तिचा आवाज येत होता, मराठीत की कोलामीत ते मला कळलं नाही. मी विचारायचं टाळलं. खरंच टाळलं, अर्धं मिनिट. मग विचारलं.

"मावशी, मामाकडं..."

"पाठवतो." तिनं पोळी तव्यावर टाकली. "आठ दिवस. लेकराले पाहून येईन. शाळा उघडली का आणतो. तिलेच विचारलं आता. येतो म्हणते."

मी म्हणालो, मावशी, तुम्हाला सांगतो, हा फार मोठा निर्णय आहे, मुलीच्या शिक्षणाच्या दृष्टीनं पाहिलं तर...

"सर," मावशी लाटणं हातात धरून म्हणाली, "चूप बसा. पोळी जळून राह्यली."